परिमार्जन करण्यात आले आहे

आधी माफी मागते. आमच्या विभागाच्या वार्षिक अंकासाठी एखादं व्यक्तिचित्र लिहून दे, असं सरांनी सांगितलं तेव्हा मी हो म्हणून बसले. खोलीवर येऊन कागद पुढे घेतला तर हातच चालेना. माझ्या घरात लिहिणं म्हणजे लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं घालणं, आणि तेही काम शेजारच्या गुरुजींकडे जायचं. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं, ते मला पुरते कळले आहेत असंही नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारे लोक आहेत, त्यांना यात उणं दिसेल. त्यांनी मला सांगावं, मी दुरुस्त करीन. हा शब्द मी इथे जपूनच वापरते आहे. का, ते पुढे येईल.

मेहकरला बी.ए. करताना मी आणि आणखी एक मुलगी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होतो, त्या काकांविषयी हे आहे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले होते. स्टँडवरच्या खिडकीच्या खोलीत बसून भोंग्यावरून कुठली गाडी कुठे लागली ते सांगणारा जो माणूस असतो, तो. लोक त्यांना कंट्रोलर म्हणत, आम्ही कंट्रोलर काका. मी त्यांच्यावर लिहू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी एक अट घातली. ते ज्या स्टँडवर होते त्याचं नाव, आणि पुढे एक बाई येतील त्यांचं किंवा त्यांच्या गावाचं नाव यात येता कामा नये. आमचा जिल्हा मोठा आहे, तेवढ्यात समजून घ्यावं.

काकांचा आवाज घरातही भोंग्यातलाच असे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत बाबा होते, गादीची वळकटी आणि ज्वारीच्या पिठाचा डबा होता. काका दारात उभे राहून म्हणाले, "खोली क्रमांक दोन ही मागील बाजूस असून नळाची वेळ सकाळी सहा ते साडेसहा आहे." बाबा वळकटी खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले, गाडीचा नंबर ऐकावा तसे. मग म्हणाले, बरं साहेब.

संध्याकाळी काका मागच्या दाराशी आले. सकाळी सांगितलेली वेळ उन्हाळ्यातली होती, सध्या नळ सातला येतो, असं त्यांनी सांगितलं आणि बाबा कुठे आहेत विचारलं. बाबा दुपारच्याच गाडीने साखरखेर्ड्याकडे निघून गेले होते. मग काकांनी माझ्याकडून नंबर घेतला, बाबांना फोन लावला आणि शेतात उभ्या असलेल्या माझ्या बापाला नळाची बरोबर वेळ सांगितली. पाच मिनिटांनी बाबांचा मला फोन. "काय झालं वं पोरी? पहिल्याच दिवशी पाण्यावरून भांडन केलं का?"

हा त्यांचा नियम होता. जे चुकलं ते जिथे, ज्याच्यासमोर आणि जेवढ्या आवाजात चुकलं, तिथेच, त्याच्याचसमोर आणि तेवढ्याच आवाजात नीट करायचं. चुकीचं मोठ्याने बोलायचं आणि बरोबर असेल ते कानात सांगायचं, ही चोरी आहे असं ते म्हणत. एकदा रस्त्यात कुणा परक्या माणसाने चिखलीची गाडी विचारली. काकांनी गेली म्हणून सांगितलं. दहा पावलांवर त्यांना ती गाडी समोरून येताना दिसली. तेवढ्यात तो माणूस एका जीपमध्ये बसून निघून गेला होता. काका किराणा दुकानदाराची सायकल घेऊन त्या जीपच्या मागे बायपासपर्यंत गेले. जीप सापडली नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि काकूंनीही त्यांना आग्रह केला नाही. त्यांना सवय होती.

माझ्या खोलीतल्या मैत्रिणीची गोष्ट तर आमच्या कॉलेजात सगळ्यांना पाठ होती. एका सकाळी अंगणातला नळ वाहत राहिला होता. काका तिला मोठ्याने बोलले. दुपारी कळलं की नळ काकूंकडून चालू राहिला होता. आम्हाला वाटलं, आता काका येऊन काहीतरी म्हणतील. दिवसभर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या सकाळी दूधवाला आला तसा त्यांनी तिला हाक मारून बाहेर बोलावलं. ती विंचरायची फणी केसात अडकवून तशीच आली.

"काल या भाऊसमोर मी तुला बोललो होतो," काका म्हणाले. "नळ तू चालू ठेवला नव्हता. तो काकूंनी ठेवला होता."

दूधवाला हातात माप धरून उभा. "मले काय करायचं हो काका," तो म्हणाला. "मी तं ऐकलंबी नव्हतं."

"ऐकलं होतं. तुम्ही हिच्याकडे पाहिलं होतं."

यावर आतून काकूंचा आवाज आला, "अन् आता माह्यं नाव त्याच्यासमोर घेतलं, त्याचं काय?"

आम्ही सगळे हसलो. काका मात्र हसले नाहीत. बराच वेळ ते अंगणातच उभे होते, जणू काकूंनी खरोखरच काही विचारलं होतं.

दुसऱ्या वर्षाला असताना ते एकदा संध्याकाळी दाराशी आले आणि त्यांच्यासारखं न वाटणाऱ्या हळू आवाजात म्हणाले, "तू मराठी घेतलं ना? परिमार्जन म्हणजे काय?"

मी म्हटलं, दुरुस्ती.

"मीबी तेच समजलो होतो," म्हणाले आणि निघून गेले.

मला वाईट वाटलं. माझ्याकडे कुणी शब्दाचा अर्थ विचारायला येण्याची ती पहिलीच वेळ होती आणि मी एका शब्दात वाटेला लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. पुसून स्वच्छ करणे, धुणे, दोष नाहीसा करणे, असं काहीसं होतं. मग आमच्या तिथल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, तुझा अर्थ चूक नाही. कचेरीच्या भाषेत 'त्रुटींचे परिमार्जन करावे' असं लिहितात तेव्हा दुरुस्तीच करा असं म्हणायचं असतं. पण शब्दाच्या पोटात पुसणं आहे. चूक दाखवून बरोबर काय ते लिहिलं म्हणजे दुरुस्ती झाली, चुकीने जे मळलं ते स्वच्छ झालं म्हणजे परिमार्जन झालं. एरवी कुणी एवढा फरक करत बसत नाही, असंही ते म्हणाले.

मी हे काकांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते ओट्यावर बसले आणि स्वतःशीच लावून पाहू लागले. गाडी पाच नंबरला सांगितली आणि सातला लागली, तर ती दुरुस्ती. वेळापत्रक बदललं, ती सुधारणा. त्यात कुणाचं काही मळत नाही, फार तर गाडी चुकते. एवढं बोलून ते थांबले आणि हाताचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहू लागले. मला वाटलं, मी काहीतरी नको ते सांगून बसले.

काय झालं होतं ते मला काकूंकडून कळलं. आम्ही गच्चीवर बसून तुरीची डाळ निवडत होतो. काकू खाली मान घालून खडे काढत सांगत होत्या, त्यामुळे गोष्ट थांबत थांबत आली.

काकांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती तेव्हाची गोष्ट. बाजाराचा दिवस होता, स्टँड भरलेलं. एक बाई रडत काकांच्या खिडकीशी आली. तिचं दोन-तीन वर्षांचं पोरगं गर्दीत हात सोडून गेलं होतं. तेवढ्यात एकाने येऊन सांगितलं की दाराशी भाजी विकायला बसते ती अमुक गावची बाई त्या पोराला कडेवर घेऊन गेली. मोबाइलवर तेव्हा मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे खोटे निरोप फिरत होते, लोकांची मनं तशीही पेटलेली होती. काकांनी भोंगा हातात घेतला आणि त्या बाईचं गाव सांगून ती मुलाला पळवून घेऊन गेली आहे, दिसल्यास धरून ठेवावे, अशी सूचना दिली.

सांगणारा माणूस 'घेऊन गेली' एवढंच म्हणाला होता. 'पळवून' हा शब्द काकांचा.

बाई पाण्याच्या नळापाशी होती. रडून रडून पोराचं तोंड शेंबडाने भरलं होतं, ते धुऊन ती त्याच्या आईला शोधायला निघणार होती. लोकांनी तिला तिथेच धरलं. तिच्या केसांना हात घातला, थपडा मारल्या. पोलीस येईपर्यंत पोराची आई आली, पोरगं तिच्याकडे गेलं, आणि पाच-दहा मिनिटांत सगळा उलगडा झाला. काकांनी पुन्हा भोंगा घेतला. मघाच्या सूचनेत दुरुस्ती आहे, हरवलेले मूल सापडले आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. त्यात बाईचा उल्लेखच नव्हता. शिवाय तोपर्यंत त्या वेळच्या गाड्या निघून गेल्या होत्या, बाईच्या गावाकडे जाणारीसुद्धा. ती घरी पोचण्याआधी तिची बातमी पोचली.

तिच्या नवऱ्याने तक्रार केली. काकांना वरून पत्र आलं की सदर चुकीचे परिमार्जन करावे व तसा अहवाल द्यावा. काकांनी कचेरीतल्या कारकुनाला अर्थ विचारला. तो म्हणाला, दुरुस्ती केली ना भोंग्यावरून, मग लिहून द्या, परिमार्जन करण्यात आले आहे. काकांनी लिहून दिलं. प्रकरण मिटलं.

"मिटलं म्हंजे कागदात मिटलं," काकू म्हणाल्या. "निवृत्त झाले त्या दिवशी साहेबानं भाषन केलं, का तुमचा आवाज चार तालुक्यात पोचला. लोकायनं टाळ्या वाजोल्या. हे घरी आले अन् हार काढून खाटेवर बसले, ते बसलेच. मले म्हने, तो शब्दबी पोचला असन ना गं चार तालुक्यात."

तेव्हापासून त्यांचे रविवार सुरू झाले होते. त्या दिवशी, त्या वेळेला स्टँडवरून ज्या ज्या गाड्या सुटल्या असतील त्या त्यांना वेळापत्रकामुळे पाठ होत्या. निवृत्तीचा पास घेऊन ते एकेका गाडीने जात, वाटेतल्या एखाद्या थांब्यावर उतरत आणि तिथे जमलेल्या लोकांना सांगत की मी अशी एक सूचना दिली होती, ती खोटी होती. नांदुऱ्याच्या गाडीने त्यांना फार छळलं. त्या गाडीतले लोक नांदुऱ्याला उतरून रेल्वेने कुठे कुठे गेले असतील, नागपूरकडे का मुंबईकडे, याला काही उपाय नव्हता. एकदा ते नांदुरा स्टेशनवर जाऊन दोन्ही बाजूंचे रूळ पाहून परत आले, असं काकू सांगतात.

हे सगळं मला तेव्हा थोरच वाटलं. असा माणूस मी पाहिला नव्हता. म्हणून एका रविवारी मला गावी जायचं होतं आणि काका त्याच रस्त्याला निघाले होते, तेव्हा मी त्यांच्यासोबत एक फाटा आधीच उतरले.

फाट्यावर चहाचं दुकान, कटिंगचं दुकान आणि गाडीची वाट पाहणारी आठ-दहा माणसं होती. काका मधोमध उभे राहिले. आवाज लावला.

"लक्ष द्या. काही वर्षांपूर्वी मी स्टँडवरून एक सूचना दिली होती. एका भाजी विकणाऱ्या बाईंनी मूल पळवलं, असं मी म्हणालो होतो. त्यांनी मूल पळवलं नव्हतं. हरवलेलं मूल त्यांना सापडलं होतं आणि त्या त्याच्या आईला शोधत होत्या. पळवलं हा शब्द माझा होता. त्याचं परिमार्जन करण्यासाठी मी आलो आहे."

कटिंगच्या दुकानातून साबण लावलेलं एक तोंड बाहेर आलं. "कोन्या पार्टीचे हाय बे हे?"

"औषध इकनारे असन," दुसरा म्हणाला. "थांब, आता बाटली काढते पाहाय."

काकांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांना याची सवय असावी. थांब्याच्या कट्ट्यावर एक म्हातारी नातवाला घेऊन बसली होती, तिने मात्र नीट ऐकलं होतं. तिने विचारलं, "कोन्ती बाई हो? आमाले तं काहीच ठाऊक नोतं."

काकांनी बाईचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्यांना वाटलं असावं की नाव घेतल्याशिवाय ते नाव स्वच्छ कसं होणार. म्हातारीने नातवाला जवळ ओढून मांडीत घेतलं. मग शेजारच्या बाईला म्हणाली, "पाहाय माय, काय काय असते दुनियेत. त्या गावची हाय म्हने. लेकरं नेते."

"नाही नेत," काका म्हणाले. "तेच सांगून राह्यलो मी. नेत नाही."

"हाव, हाव," म्हातारी म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण नातवाला तिने सोडलं नाही, गाडी येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

मी गावी गेले नाही. काकांना एकटं सोडवेना, म्हणून त्यांच्यासोबत परत मेहकरला आले. गाडीत ते खिडकीकडे बसले होते. एका फाट्यावर कंडक्टरने भलत्याच गावाचं नाव पुकारलं, दोन माणसं चुकून उतरायला उठली. काका काही बोलले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

त्यानंतर रविवार बंद झाले, घरातल्या दुरुस्त्याही बंद झाल्या. एका संध्याकाळी काकू माझ्या खोलीत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सकाळी भाजीत मीठ कमी हाय म्हनले. मीठ बरोबर होतं. अजूनपावतो काही बोलले नाहीत. याह्यले काही झालं तं नाही ना?" मला हसावं की काय करावं कळेना. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं.

शेवटी काकूंनीच त्यांना गाठलं. मी तिथेच ताट घेऊन बसले होते, त्यामुळे ऐकलं.

"सारा जिल्हा फिरले. तिच्या दारात काऊन नाही गेले?"

काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "तिनं दार लावून घेतलं तं?"

"लावू दे. तिचं दार हाय."

काकूंचे गुडघे दुखत, म्हणून त्यांनी मला सोबत जायला सांगितलं. बाईमाणूस बरोबर असलं म्हणजे बरं, असं त्यांचं म्हणणं. मी गेले खरी. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला येत नाही.

बाईचं घर गावाच्या कडेला, मळ्यातच होतं. वाफ्यांमध्ये मेथी आणि सांबार होता. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्या बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. आम्ही येताना दिसलो तरी त्यांनी हात थांबवला नाही. भोंग्यावर बोलणाऱ्या माणसाचा चेहरा कुणी पाहिलेला नसतो. काका धुऱ्यावर, शेताच्या कडेला, उभे राहिले आणि नमस्कार म्हणाले. तेवढ्या एका शब्दाने त्यांचा हात थांबला.

"हा आवाज मले माहीत हाय," त्या म्हणाल्या.

काकांनी सांगितलं, मी तोच.  त्यांचा भोंग्यातला आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"पळवून काऊन म्हनलं?"

"लोकांनी पटकन ऐकावं म्हनून."

"ऐकलं लोकायनं," बाई म्हणाल्या.

मग त्या जुड्या बांधत बांधत सांगू लागल्या. आवाज चढवला नाही. टोपलं घेऊन त्या कुठल्याही गल्लीत शिरल्या की बाया लेकरं आत घेत. मी आधीसारखं हसून-बोलून पाहिलं, त्या म्हणाल्या, भाजी अर्ध्या भावात देऊन पाहिली, तरी कुणी जवळ येईना, आणि ज्या घेत त्या हात लांब करून घेत. मग नवराच माल हर्रासीत, म्हणजे लिलावात, नेऊन टाकू लागला, मिळेल त्या दरात. त्या स्टँडवर त्या पुन्हा गेल्या नव्हत्या. कुठे जायचं तर फाट्यावरूनच गाडीत बसायच्या. काकांनी मध्येच आपले रविवार सांगितले, किती गावं केली ते सांगितलं. तेव्हा मात्र बाईंनी जुडी खाली ठेवली.

"कोनं सांगतलं होतं तुमाले? ज्यायले माहीत नोतं त्यायलेबी सांगत फिरले?"

"चुकलं," काका म्हणाले.

मी त्यांना असं एका शब्दात काही कबूल करताना कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी आता काय करू. बाई म्हणाल्या, काही नका करू, अन् बोलू तं नकाच. मग पुन्हा मेथी हातात घेऊन, आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, "स्टँडच्या दाराच्या डाव्या अंगाला माही जागा होती. माही सासूबी तिथंच बसे."

काका म्हणाले, मंगळवारी बाजार असतो, मी येऊन तिथे थांबतो. बोलणार नाही. तुम्ही बसलात तर मी जवळ असेन.

"थांबायचं तं थांबा. मी येईन का नाही, मले नाही माहीत."

निघताना त्यांनी आम्हाला पाणी दिलं. चहा दिला नाही. काका तांब्या दोन्ही हातांनी धरून प्यायले.

पुढचा सबंध हिवाळा आणि उन्हाळा काका दर मंगळवारी त्या स्टँडवर जात राहिले. काकू त्यांना पोळ्या आणि ठेचा बांधून देत. दाराच्या डाव्या बाजूला, थोडी जागा सोडून ते बाकावर बसत. ओळखीचे ड्रायव्हर, कंडक्टर थट्टा करत की काकांना घरी करमत नाही, पगार नाही तरी ड्युटीवर येतात. काका म्हणत, गाडीची वाट पाहून राह्यलो. आता तिथे भोंग्यावर आधीच भरून ठेवलेला आवाज असतो. तो एकदा एकच गाडी दोन ठिकाणी लागली म्हणून सांगत राहिला आणि लोक पिशव्या घेऊन इकडून तिकडे पळत राहिले. काका जागचे उठले नाहीत, की बोलले नाहीत. हे त्यांनी स्वतः मला सांगितलं, आणि सांगताना त्यांना घाम फुटला होता.

बाई आल्या नाहीत. त्यांच्या गावाकडून येणारा एक तरुण कंडक्टर काकांना ओळखायचा, आणि ती जुनी गोष्टही त्याच्या कानावर होती. त्याची गाडी रात्री मेहकरलाच मुक्कामी असे. त्याला काकांनी कधी काही विचारलं नाही, पण त्याची गाडी आली की ते उतरणाऱ्या माणसांकडे शेवटचा माणूस उतरेपर्यंत पाहत. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, त्या येणार नाहीत. तर म्हणाले, तो त्याह्यचा प्रश्न हाय. थांबनं माह्यं काम हाय.

मी बी.ए. झाले आणि पुढे शिकायला अमरावतीला आले. घरच्यांना हे दूर वाटतं. काकूंचा अधूनमधून फोन येतो. या दिवाळीच्या आधी त्यांनी कळवलं की काका मोरीत घसरले, पाय मोडला, प्लास्टर आहे. सुट्टीत गावी जाताना मी आधी मेहकरला उतरले. काका पुढच्या खोलीत खाटेवर होते. बारीक झाले होते. दुखण्यापेक्षा मंगळवार चुकतात याचाच त्यांना जास्त त्रास होता, असं काकू म्हणाल्या. त्या दिवशीही मंगळवारच होता. सकाळपासून ते घड्याळाकडे पाहत होते.

दिवे लागले तसा तो कंडक्टर आला, खाकी कपड्यांतच. खुर्ची ओढून बसला आणि आधी पायाची चौकशी केली. मग म्हणाला, "काका, आज ते बाई आली होती."

काका उठून बसायला लागले. काकूंनी मागे उशी लावली.

"फाट्यावरून माह्याच गाडीत बसली. टोपलं मीच वर घेतलं. स्टँडवर उतरली अन् सरळ जाऊन दाराशी बसली, डाव्या अंगाला."

"मी नव्हतो," काका म्हणाले.

"नव्हते तं काय झालं. तिनं पाहिलं इकडं तिकडं. मले म्हने, तो बुढा कुठी हाय. म्हटलं, पाय मोडला. म्हने, राहू दे घरी त्याले, मी हाव आता दर मंगळवारी."

"कोणी काही बोललं तिला?"

"दोघी-तिघी थोडा वेळ पाहात उभ्या होत्या. बोललं कोनी नाही. मंग एक जवळ आली, मेथी चाळून पाहू लागली. एक आली तशा बाकीच्या आल्या. मी परतीची गाडी घेऊन निघालो तेव्हा टोपल्यात खाली दोन-चार जुड्या राह्यल्या असतीन."

काका हळूहळू उशीवर टेकले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.  त्यांचे खांदे हलत होते, ते आम्ही तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही दुसरीकडे पाहिलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं. मग काही झालंच नाही अशा आवाजात त्यांनी कंडक्टरला विचारलं, जुडी कशी दिली तिनं.

"लय भाव केला बायकायनं," तो म्हणाला. "पन तिनं काही कमी केला नाही."